दोन्ही खरेदीदारांच्या सहीने

विश्वास ही कागदावर उतरवण्याची गोष्ट आहे, हे आता सर्वमान्य झालं आहे. पूर्वी माणसं एकमेकांवर तोंडी विश्वास ठेवत आणि मग तो तोंडीच मोडत. त्याचा काही पुरावा मागे राहत नसे. आता विश्वास बारा पानांचा असतो. प्रत्येक पानाच्या तळाशी छोटी सही असते आणि तो मोडलाच, तर नेमका कुठल्या कलमाखाली मोडला हे दोन्ही पक्षांना बिनचूक सांगता येतं. ही प्रगतीच म्हणायची.

अशाच एका बारा पानी विश्वासाच्या पाचव्या महिन्यात, बुधवारी सकाळी सव्वाअकराला, चष्मेवाल्याला फोन आला. तो दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात भिंग बसवत होता. फोन मेहुणीचा होता. ती आपल्या बहिणीला, म्हणजे चष्मेवाल्याच्या बायकोला, छातीच्या डॉक्टरांकडे तपासणीला घेऊन गेली होती.

"भाऊजी, ताई गेली," मेहुणी म्हणाली. "बाकावर बसल्या बसल्या गेली हो. आमचा नंबरसुद्धा आला नव्हता."

चष्मेवाल्याने फोन ठेवला. गिऱ्हाइकाला "दहा मिनिटं बसा" म्हणाला आणि दुसरं भिंगही बसवलं, कारण एका भिंगावर माणसाला घरी पाठवता येत नाही. मग शटर ओढून तो गेला.

दवाखान्यात त्याने चार फॉर्म भरले. चारही फॉर्मवर 'मृताशी नाते' असा रकाना होता. चौथ्या फॉर्मला त्याचा हात न अडखळता चालला. सरावाने सगळं जमतं.

दुपारी चारला त्याच्या फोनवर संदेश आला. "स्मरणपत्र. आज सायंकाळी पाच वाजता घर पाहणी क्रमांक आठ. खरेदीदार क्रमांक एक व खरेदीदार क्रमांक दोन यांनी वेळेवर हजर राहावे." खरेदीदार क्रमांक एक म्हणजे त्याची बायको. तो क्रमांक दोन. (हा क्रम घरात एकतीस वर्षं होताच. करारामुळे तो लेखी झाला इतकंच.)

त्याने उत्तर लिहिलं, "क्रमांक एक सकाळी वारली."

लगेच उलट संदेश आला. "आपला प्रतिसाद नोंदवला आहे. पाहणी पुढे ढकलण्यासाठी १ पाठवा, रद्द करण्यासाठी २ पाठवा." त्याने २ पाठवला. "पाहणी रद्द करण्यासाठी दोन्ही खरेदीदारांनी २ पाठवणे आवश्यक आहे." बायकोचा फोन त्याच्या खिशात होता. तो काढून त्याने तिच्या वतीनेही २ पाठवला.

"आपण दोघांनी वेळेवर कळवल्याबद्दल आभार," असं दोन्ही फोनवर एकदमच आलं.

हे सगळं समजायला थोडं मागे जावं लागेल. चष्मेवाला आणि त्याची बायको दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. वर जायला बावीस पायऱ्या होत्या. गेली दोन वर्षं बायको अकराव्या पायरीवर थांबून दम घ्यायची, आणि तिथे थांबलीच आहे तर चष्मेवाल्याची कामं काढायची. "अहो, या कोपऱ्यातलं जाळं काढा." "अहो, हा कठडा हलतोय." त्यामुळे अकराव्या पायरीचा परिसर इमारतीत सर्वांत स्वच्छ आणि मजबूत होता. तळमजल्यावर घर घ्यायचं ठरलं ते तिच्या दमासाठी. चष्मेवाल्याला स्वतःला वरच्या खोल्या सोडायच्या नव्हत्या; पण त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. ही व्यवस्था उत्तम चालली होती.

घर शोधायचं म्हणजे एजंट आला. पूर्वी एजंट तुम्हाला आधी घर दाखवायचा आणि मग काय ते बोलणं व्हायचं. या पद्धतीत फार गोंधळ होई. लोक नुसतं घर बघून जात, खिडक्या उघडत, नळ सोडून पाहत आणि कोणाचेही न होता निघून जात. म्हणून नवा नियम झाला की आधी लेखी करार, मग दार. नुसता उंबरा पाहायचा असेल तरी सही हवी. एजंटच्या कचेरीने यावर एक माहितीपत्रक काढलं होतं, 'आपला करार समजून घ्या' नावाचं. ते एकोणीस पानांचं होतं, म्हणजे करारापेक्षा सात पानं जास्त. एखादी गोष्ट समजायला मूळ गोष्टीपेक्षा जास्त जागा लागते, हे उघडच आहे. त्यात छापलं होतं की शहाण्णव टक्के खरेदीदार कराराबाबत पूर्ण समाधानी आहेत. (उरलेल्या चार टक्क्यांनी करार वाचला होता.)

कराराच्या दिवशी कचेरीत दोघं शेजारी शेजारी बसले. समोर एजंटबाई. तरुण, हुशार, नम्र बाई होती. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी फायलीवर बोट टेकवायची. चष्मेवाल्याच्या घरात कामाची वाटणी स्पष्ट होती. बायको वाचायची, तो सही करायचा. औषधाच्या डबीपासून बँकेच्या कागदांपर्यंत सारं असंच पार पडलं होतं. दिवसभर दुकानात तो लोकांना "खालची ओळ वाचा, अजून खालची, दिसतंय?" म्हणायचा, त्यामुळे संध्याकाळी स्वतः खालची ओळ वाचायची त्याची इच्छा उरत नसे. तेव्हा बायकोने वाचायला घेतलं आणि हा कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीतला मासा बघत बसला. मासा एकच होता. वाचन अडीच तास चाललं.

"ही मुदत बारा महिने कशाला? घर काय पिकायचं आहे का?" बायकोने विचारलं.

"काकू, तसा मसुदाच आहे," एजंटबाई म्हणाली आणि फायलीवर बोट टेकवलं.

"आणि या मुदतीत दुसऱ्या एजंटकडे बघायचंही नाही?"

"एकमेव प्रतिनिधित्व म्हणतात त्याला. तुम्ही आमच्याशी एकनिष्ठ."

"आणि तुम्ही?"

एजंटबाईने कलम आठ दाखवलं. त्यात लिहिलं होतं की एजंट एकाच वेळी घर विकणाऱ्याचाही प्रतिनिधी असू शकेल, मात्र त्याची कल्पना तो खरेदीदारास योग्य वेळी देईल. बायकोने ते दोनदा वाचलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "बघा. आपण पतिव्रता आणि हे मात्र दोन घरचे जावई." चष्मेवाला हसला नाही, कारण मासा त्या वेळी वळत होता.

मग बाईने बोट ठेवलं तिथे तिथे चष्मेवाल्याने सह्या केल्या. त्याची सही दुकानदाराची, लांबरुंद, शेवटी शेपूट असलेली. बायको म्हणाली, "तुमचं झालं ना? द्या इकडे, मी शेवटचं पान जरा बघते," आणि तो लघवीला गेला. एवढाच त्याला त्या दिवसाचा तपशील आठवतो.

हे झालं मागचं. बायको गेल्यावर आठवड्याने एजंटबाई दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, नजर तपासायच्या फलकासमोर बसली आणि खरोखर रडली.

"काका, मला फार वाईट वाटलं. सहा वर्षांत मला प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच."

"बाई, मला आता घर नको," चष्मेवाला म्हणाला. "मी वरतीच राहीन. तेवढा करार संपवा."

एजंटबाईने डोळे पुसले, फाईल उघडली आणि बोट टेकवलं. "कलम चौदा, काका."

कलम चौदा असं होतं. 'खरेदीदार दोन असल्यास करारात बदल, मुदतवाढ अथवा करारसमाप्ती ही दोन्ही खरेदीदारांच्या सहीनेच होईल.' हे कलम अतिशय दूरदृष्टीचं आहे. नवरा-बायकोंपैकी एकाने रागाच्या भरात करार मोडू नये, दुसऱ्याचंही ऐकलं जावं, असा त्यामागचा उदार हेतू आहे. दुसऱ्याचं ऐकलंच जावं असा आग्रह धरणारा हा एवढाच कागद त्या घरात होता.

"मरणाचा दाखला आहे माझ्याकडे," चष्मेवाला म्हणाला.

"तो आम्ही जोडून घेऊ. पण दाखल्यावर त्यांची सही नाही ना."

मेहुणी त्या दिवशी डबा घेऊन आली होती. ती जिन्याच्या दारातून म्हणाली, "म्हणजे लग्न संपायला मरण पुरतं, आणि तुमचं हे बाड संपायला पुरत नाही?"

"मावशी, लग्नाचा मसुदा वेगळा असतो," एजंटबाई मनापासून म्हणाली. "त्याला मुदतच नसते."

हे तिचं खरं होतं. लग्नाला मुदत नव्हती आणि ते संपलं होतं. कराराला बारा महिन्यांची मुदत होती आणि त्यातले सात अजून शिल्लक होते.

तरी एजंटबाईने मुख्य कचेरीला अर्ज पाठवला. करारसमाप्तीच्या अर्जात कारणांचे चार पर्याय होते: बदली, कर्ज नामंजूर, मतपरिवर्तन आणि इतर. मरण 'इतर'मध्ये बसलं. दहा दिवसांनी उत्तर आलं की अर्ज सहानुभूतीने विचारात घेतला आहे. मात्र खरेदीदार क्रमांक एक यांनी आपण सही करण्यास असमर्थ असल्याचे स्वहस्ताक्षरात कळवावे. त्यासोबत क्रमांक एक यांच्या नावे अभिप्रायाची प्रश्नावलीही आली होती. 'आमच्या सेवेबाबत आपण किती समाधानी आहात?' खाली बारीक अक्षरात होतं, 'उत्तर न आल्यास समाधानी असे धरले जाईल.' (शहाण्णव टक्क्यांचा आकडा कसा जमतो, हे इथे चष्मेवाल्याला कळलं.)

"करा की ताईची सही तुम्हीच," मेहुणी म्हणाली. "कोण बघतंय? फोनवरून नाही का दोन पाठवलात?"

"ते आकडा दाबणं होतं," चष्मेवाला म्हणाला. "सही तिची आहे."

तेव्हा पाहण्या सुरूच राहिल्या. महिन्याला किमान एक, कलम नऊप्रमाणे. आता चष्मेवाल्यापुढे खरा धोका होता तो कलम सतराचा. करारासोबत बायकोने स्वतःच्या अक्षरात एक गरजपत्रक जोडलं होतं, घर कसं हवं त्याच्या एकोणीस अटींचं. कलम सतराप्रमाणे, या सर्वच्या सर्व अटी पुऱ्या करणारं घर सापडलं की एजंटचं काम पूर्ण झालं. मग घर घ्यावं लागेल, नाहीतर न घेतल्याची भरपाई द्यावी लागेल. भरपाई म्हणजे दुकान विकणं, आणि दुकान विकलं की वरच्या खोल्याही गेल्या. थोडक्यात, वरती राहायचं असेल तर पुढचे सात महिने प्रत्येक घरात किमान एक तरी खोट निघायलाच हवी होती.

गरजपत्रक त्याने नवव्या पाहणीला पहिल्यांदा ऐकलं. एजंटबाई वाचायची आणि खूण करायची. अट एक, तळमजला. बाहेर पायऱ्या असल्यास दोन, तिसरी चालणार नाही. अट चार, स्वयंपाकघराची खिडकी इतकी खाली हवी की स्टुलावर बसून रस्ता दिसला पाहिजे. अट सात, न्हाणीघराचं दार बाहेर उघडावं, म्हणजे कोणी आत पडलं तर काढता येतं. अट सोळा, शेजारी बोलके असावेत पण भिंत जाड असावी.

"अट अकरा," एजंटबाईने वाचलं, "पुढच्या खोलीत कामाचं टेबल मावेल इतकी जागा नसावी. कंस. हे दुकान घरी आणतात. कंस पूर्ण."

"असं लिहिलंय?" चष्मेवाला म्हणाला.

"त्यांचंच अक्षर आहे, काका."

"मी कधी दुकान घरी आणलं? चार-दोन फ्रेमा आणतो. स्क्रू बसवायला. तेवढ्याला काय टेबल म्हणायचं?" त्याचा आवाज चढला. "खोडा ते. चूक आहे ते."

"बदलाला दोघांची सही लागते."

"काय भाऊजी," मेहुणी म्हणाली, "महिना झाला तिला जाऊन, आणि तुम्ही भांडताय तिच्याशी."

"मग तिने आधी बोलायचं होतं!"

"बोलायचीच की. तुमच्या तोंडात स्क्रू असायचा."

त्या पाहणीत खिडकी उंच निघाली आणि सुटका झाली. पण चष्मेवाल्याने धडा घेतला. दहाव्या पाहणीला तो खिशात टेप घेऊन गेला. बारीक मोजमापात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि स्टुलही तो घरूनच उचलून न्यायचा. विकणारे लोक दारात हसून उभे राहत आणि हा आत जाऊन स्टुलावर बसे. "नाही," तो म्हणे. "रस्त्याचा अर्धाच भाग दिसतो. तिला पूर्ण लागतो." अकराव्या घरात न्हाणीघराचं दार आत उघडत होतं. मालक म्हणाला, एका दिवसात बिजागऱ्या फिरवून देतो. चष्मेवाला गंभीरपणे म्हणाला, "आज कसं आहे ते धरायचं." बाराव्या घरात त्याने भिंतीला कान लावून शेजाऱ्यांचं पूर्ण भांडण ऐकलं आणि भिंत बाद केली. तेराव्या घरी बाहेर तीन पायऱ्या होत्या. एजंटबाईने तिसरी पायरी म्हणजे खरं तर नुसता उंबरा आहे असं मांडून पाहिलं.

"पाय उचलावा लागतो ना?" चष्मेवाल्याने विचारलं.

"थोडासा, काका."

"मग पायरी."

एकतीस वर्षांच्या संसारात बायकोच्या एकाही अटीसाठी तो असा हटून बसला नव्हता. आता तिची प्रत्येक अट त्याला तोंडपाठ होती. घरी यायला तो आता बावीस पायऱ्या हळूहळू चढायचा आणि अकरावीवर थांबायचा. दम लागत नसूनही. मेहुणी एकदा म्हणाली, "ताई असताना तिचं एवढं ऐकलं असतंत, तर ती तुमच्यावर संशय घेती." हे तिने हसत म्हटलं, आणि मग पुसलेला डबा पुन्हा पुसायला घेतला.

चौदाव्या पाहणीचं घर एका शांत रस्त्यावर होतं. दोन पायऱ्या. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं. भिंत जाड, शेजारीण कुंपणावरूनच नाव-गाव विचारून मोकळी झाली. पुढच्या खोलीत टेबल मावत नव्हतं. चष्मेवाल्याने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा जागा चार बोटं कमी पडत होती. स्वयंपाकघरात त्याने स्टूल ठेवलं आणि बसला. खिडकीतून पूर्ण रस्ता दिसत होता. एक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत होती. एक म्हातारा सायकलची साखळी बसवत होता. चष्मेवाला बराच वेळ बसून राहिला. मेहुणी दारात येऊन उभी राहिली आणि परत पुढच्या खोलीत गेली.

"अठरा अटी पूर्ण," एजंटबाई हलक्या आवाजात म्हणाली. "अट एकोणीस. यांना आवडलं पाहिजे. कंस. विचारल्यावर ठीक आहे म्हणाले, तर आवडलेलं नाही असं समजावं. कंस पूर्ण. काका, आवडलं का?"

सुटायला फक्त दोन शब्द हवे होते. 'ठीक आहे' हे शब्द चष्मेवाल्याने आयुष्यात काही हजार वेळा सहज उच्चारले होते. नवीन पडद्यांना, भाजीला, सासरच्या लोकांना. आता त्याने तोंड उघडलं आणि ते शब्द निघाले नाहीत. तो रस्त्याकडे बघत राहिला.

एजंटबाईने वाट पाहिली. नियमाप्रमाणे, उत्तर न आल्यास समाधानी असं धरायचं होतं. तिने खूण केली आणि स्वीकृतीपत्र पुढे केलं. "काका, इथे सही."

तेव्हा चष्मेवाल्याने आयुष्यात प्रथमच ते वाक्य म्हटलं. "आधी करार द्या. वाचून सही करतो."

मेहुणीने त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो ताप येऊन बरळतो आहे.

मूळ करार त्याने दुकानात नेला आणि तीन दिवस वाचला. भिंग डोळ्याला लावून, ज्या टेबलावर तो लोकांच्या चष्म्यातले स्क्रू बसवायचा तिथेच बसून वाचला. भाषा अवघड होती; पण तो एका वेळी एक ओळ घेत गेला, 'अजून खालची, दिसतंय?' असं स्वतःलाच म्हणत. कुठल्या कलमावर ती थांबली असेल, कुठे तिने भुवई वर केली असेल, हे त्याला आता कळत होतं. कलम आठला तो एकटाच हसला. आठ महिने जुना विनोद होता, आणि मासा मध्ये आला नसता तर तेव्हाच हसता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी तो बाराव्या पानावर पोचला. सगळ्यात खाली सहीसाठी दोन रेघा होत्या, एक खरेदीदार क्रमांक एकची आणि एक क्रमांक दोनची. दोन्ही भरलेल्या होत्या. निदान कचेरीत तसंच धरलं होतं. चष्मेवाल्याने भिंग खाली आणलं. क्रमांक दोनच्या रेघेवर त्याची सही होती, आणि तिचं शेपूट पानभर वळसा घेऊन क्रमांक एकच्या रेघेवर जाऊन थांबलं होतं. क्रमांक एकच्या रेघेवर शेपटाखेरीज काही नव्हतं. त्याच्या बायकोने करारावर सही केलीच नव्हती.

गेले तीन महिने ज्या करारातून सुटायला तिची सही हवी होती, त्या करारात शिरायलाच तिची सही नव्हती.

का नव्हती, तेही त्याच पानावर होतं. रेघांच्या वर कलम तेवीस होतं. 'खरेदीदारांपैकी एक न राहिल्यास उरलेल्या खरेदीदारास घर हवे राहील काय? होय किंवा नाही, एका चौकटीत खूण करावी.' दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या. बाजूला शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात, तिने लिहिलं होतं: 'यांना विचारायचं.'

चष्मेवाल्याला आठवलं. कराराच्याच आठवड्यात एकदा, तो फ्रेम हातात घेऊन बसलेला असताना, ती म्हणाली होती, "अहो, एक विचारायचं होतं." तो "उद्या" म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा म्हटलं होतं, आणि तो पुन्हा "उद्या" म्हणाला होता. तिसऱ्यांदा तिने म्हटलं होतं की नाही, ते त्याला खात्रीने सांगता येत नाही.

त्याने एजंटबाईला बोलावून पान दाखवलं. ती भिंगातून बघत राहिली आणि पांढरी पडली.

"काका, आम्ही सह्या मोजतो," ती म्हणाली. "बघत नाही."

मुख्य कचेरीने या प्रकरणावर दोन आठवडे विचार केला आणि अत्यंत न्याय्य निर्णय दिला. एका खरेदीदाराची सही नसल्याने करार आरंभापासूनच रद्दबातल आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल कचेरी दिलगीर आहे. फक्त एक अडचण होती. अपुरा भरलेला अर्ज रद्द करण्याची तरतूद नियमात नाही. तेव्हा उरलेल्या खरेदीदाराने कलम तेवीसच्या चौकटीत खूण करून अर्ज पूर्ण करावा, म्हणजे तो रद्द करता येईल. 'नाही'वर खूण केल्यास तो तत्काळ मोकळा. 'होय'वर केल्यास चौदाव्या घराचं काम पुढे चालवण्यात येईल. मालक थांबायला तयार आहे. दुसऱ्या कोणाची सही लागणार नाही.

"झालं तर!" मेहुणी म्हणाली. "टाका नाहीवर फुली आणि सुटा. हेच हवं होतं ना तुम्हाला?"

"हो," चष्मेवाला म्हणाला.

"मग?"

"विचारलं तिने होतं. उत्तर काय कचेरीला द्यायचं?"

मेहुणीने यावर डबा उचलला आणि ती तरातरा निघाली. पण अकराव्या पायरीवर थांबली, आणि डोळ्याला पदर लावून मग खाली उतरली.

या प्रकरणानंतर कचेरीने आपल्या सगळ्या फायली काढून सह्या एकदा प्रत्यक्ष बघितल्या. निष्कर्ष व्यवसायाच्या दृष्टीने समाधानकारक होता. ज्यांनी वाचलं होतं त्यांतल्या बऱ्याच जणांनी सही केली नव्हती आणि ज्यांनी सही केली होती त्यांतल्या कोणीही वाचलं नव्हतं. पण दोघं एकाच छपराखाली राहत असल्याने हा फरक कोणाला जाणवला नव्हता. कचेरीने आता माहितीपत्रकात दोन पानं वाढवली आहेत.

वाचकांना हे गमतीचं वाटलं असेल. आपल्या घरचं बाड कुठल्या खणात आहे हे आपल्याला बहुधा माहीत नसेल, पण ज्याला माहीत आहे ते माणूस आत्ता आतल्या खोलीत आहे. मघाशी त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि आपण म्हणालो आहोत की एवढं वाचून होऊ दे.

चष्मेवाल्याचं सगळं वाचून झालं आहे. पेन त्याच्याकडे आहे, पान टेबलावर आहे, चौकटी कोऱ्या आहेत. खूण करायची राहिली आहे.